वाफ मोजणार कोण?

केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित भूखंडांच्या व्यवस्थापनासंबंधीचे नियम जारी केले. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ च्या डिसेंबरात घडली. विषारी रसायनांनी नासलेल्या जमिनीचे काय करावयाचे, हे सांगणारी स्वतंत्र नियमावली या देशाला मिळावयास त्यानंतर चाळीस वर्षे लागली. नियम निघाले तेव्हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत असे १०३ भूखंड होते आणि त्यांपैकी अवघ्या ७ ठिकाणी शुद्धीकरणाच्या प्रत्यक्ष कामास प्रारंभ झाला होता. वृत्तपत्रांनी ही बातमी आतल्या पानावर छापली. आपल्या पक्षाच्या शाखांतही तिची फारशी चर्चा झाल्याचे दिसले नाही.

ही उदासीनता महागात पडणार आहे. कोणती जमीन प्रदूषित, ती किती प्रदूषित, तिच्यावर खर्च करावयाचा की नाही, आणि ती ‘शुद्ध झाली’ असे केव्हा म्हणावयाचे, हे सर्व यापुढे एका वरकरणी क्षुल्लक कृतीवर ठरणार आहे. ती कृती म्हणजे नमुना घेणे. त्यातही मातीतून उठणाऱ्या वाफेचा नमुना घेणे हे काम असे आहे की ज्यात एक शब्दही खोटा न लिहिता संपूर्ण सत्य झाकून टाकता येते. म्हणून ‘नमुना कोण घेणार’ हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. तो प्रश्न सत्तेचा आहे, आणि राजकीय कार्यकर्त्यांनी तो राजकीय प्रश्न म्हणूनच हाती घेतला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोडाईकनालचा धडा

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. तमिळनाडूतील कोडाईकनाल हे समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवरील थंड हवेचे ठिकाण. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या वॉटरटाउन गावी थर्मामीटर बनविणारा एक कारखाना होता. तो तेथून उचलून १९८३ साली या डोंगरावर, पांबार शोला अरण्याच्या काठावर आणून बसविण्यात आला. पारा परदेशातून यावयाचा, थर्मामीटर परदेशी जावयाचे, आणि मध्ये जे सांडेल, फुटेल व उडून जाईल ते मात्र भारतात राहावयाचे, अशी ही श्रमविभागणी होती. कारखान्याची मालकी प्रथम चेसब्रो-पाँड्स कंपनीकडे होती. कालांतराने ती युनिलिव्हर समूहाकडे आणि त्या समूहाच्या हिंदुस्तान लिव्हर या भारतीय कंपनीकडे आली.

मार्च २००१ मध्ये गावातील एका भंगाराच्या वखारीत पारा लागलेल्या फुटक्या काचेचा मोठा साठा उघडकीस आला. स्थानिक नागरिकांनी, पळनी हिल्स कॉन्झर्व्हेशन कौन्सिलने आणि ग्रीनपीसने तो जगापुढे मांडला. लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच महिन्यात कारखाना बंद पडला. २००३ साली सुमारे २९० टन पारामिश्रित कचरा जहाजात भरून अमेरिकेला परत पाठविण्यात आला. श्रीमंत देशांचा विषारी कचरा गरीब देशांत येण्याची उदाहरणे पैशाला पासरी आहेत. तो उलट दिशेने गेल्याची उदाहरणे फार थोडी. ते यश लढणाऱ्या जनतेचे होते. कामगारांचा लढा मात्र पुढे पंधरा वर्षे रखडला. मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी कंपनीने तडजोड केली. कामगारांच्या आजारांना कारखान्यातील पारा कारणीभूत आहे, ही गोष्ट कंपनीने कधीच मान्य केली नाही.

कचरा गेला, यंत्रे गेली, पण माती राहिली. जमिनीत मुरलेला पारा स्वस्थ बसणारा पदार्थ नाही. आपल्या नेहमीच्या तापमानाला द्रवरूप असणारा आणि त्याच तापमानाला सतत वाफ होऊन उडणारा हा धातू आहे. बंदिस्त जागेत २० अंश सेल्सिअस तापमानाला पाऱ्याचा एखादा थारोळा उघडा राहिला, तर हवेच्या एका घनमीटरात जवळजवळ १३,००० मायक्रोग्रॅम पारा साठू शकतो; ३० अंशांना हे प्रमाण दुपटीच्याही पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी घालून दिलेले मार्गदर्शक मूल्य वर्षाच्या सरासरीने घनमीटरास १ मायक्रोग्रॅम आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्नाचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि ही वाफ दिसत नाही. तिला वास नाही, ती डोळ्यांत झोंबत नाही, घशात खवखवत नाही. गिळलेला द्रवरूप पारा बहुतांशी शरीराबाहेर निघून जातो. पण श्वासावाटे गेलेल्या वाफेतील सुमारे ८० टक्के पारा शरीर धरून ठेवते आणि तो मेंदूपर्यंत व मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. हात कापू लागतात, हिरड्या सुजतात, स्वभाव चिडखोर होतो, स्मरण मंदावते. गिरणीतील कापसाची धूळ कामगाराला निदान दिसत होती. येथे कामगाराचा स्वतःचा अनुभवही त्याला साक्ष देत नाही. साक्ष देते ती केवळ मोजमापाची नळी. म्हणूनच ती नळी कोणाच्या हातात आहे, याला इतके महत्त्व येते.

नमुना कसा घेतात

या कामाभोवती गूढतेचे जे वलय निर्माण केले जाते ते आधी दूर सारले पाहिजे. पद्धत समजण्यास कठीण नाही. पारा धरून ठेवणारे शोषक द्रव्य भरलेली एक लहानशी काचेची नळी असते. बॅटरीवर चालणारा छोटा पंप ठरावीक वेगाने तिच्यातून हवा ओढतो. मिनिटाला २०० मिलिलिटर वेगाने आठ तास पंप चालला, तर ९६ लिटर हवा नळीतून जाते. मग नळी बंद करून, मोहोर लावून प्रयोगशाळेत नेतात. तेथे तिच्यातील पारा आम्लात उतरवून घेतात, त्याची पुन्हा वाफ करतात आणि तिच्यातून विशिष्ट तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडतात. वाफेने किती प्रकाश शोषला यावरून पारा किती ते कळते. त्याला हवेच्या आकारमानाने भागले की उत्तर आले. फार सूक्ष्म प्रमाण मोजावयाचे असेल तर सोन्याचा मुलामा दिलेल्या वाळूवरून हवा नेतात, कारण पारा सोन्याला चिकटतो. आपल्या गावातील कोणत्याही सोनाराला हा गुण पूर्वापार ठाऊक आहे.

जमिनीच्या पोटातील हवा मोजण्यासाठी मीटर-दीड मीटर खोल पोलादी नळी ठोकतात, तिच्या भोवतालची फट ओल्या चिकणमातीने पक्की बुजवितात आणि मातीच्या कणांमधील हवा हळूहळू वर ओढतात. फट नीट बुजली नाही तर वरची स्वच्छ हवा आत शिरते आणि आकडा आपोआप खाली येतो. म्हणून दक्ष तंत्रज्ञ नळीच्या तोंडाभोवती हेलियम वायू सोडतात व तो नमुन्यात उतरला की काय, हे तपासतात. कोरी नळी सोबत नेऊन ती न वापरता परत आणणे, एकाच जागी दोन नळ्या जोडीने लावणे, पंपाचा वेग कामापूर्वी व कामानंतर तपासून पाहणे, नळी कोणाच्या हातातून कोणाच्या हाती गेली याची नोंद ठेवणे, ही सर्व खबरदारी शास्त्रालाच अभिप्रेत आहे. प्रश्न शास्त्राच्या उणिवेचा नाही. या खबरदाऱ्या घेतल्या की गाळल्या, हे पाहण्यास तेथे लोकांच्या बाजूचे कोण उभे होते, हा प्रश्न आहे.

खोटे न बोलता सत्य कसे लपते

आता या पद्धतीतूनच सोयीचा आकडा कसा काढता येतो ते पाहा.

पहिली गोष्ट वेळेची. उष्णता वाढली की वाफ वाढते. एप्रिल-मे महिन्यांतील भर दुपारी जी जमीन पारा ओकते, तीच जमीन पावसाळ्यातील पहाटे, मातीची छिद्रे पाण्याने भरलेली असताना, जवळजवळ मुकी असते. नमुना कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रहरी घेतला, यावरच अर्धे उत्तर ठरून जाते.

दुसरी गोष्ट जागेची. वारा ज्या दिशेने येतो त्या कुंपणापाशी नळी लावली तर ती शेजारच्या अरण्याची हवा मोजते. माणसाच्या नाकाच्या उंचीवर लावली तर जमिनीलगत खेळणाऱ्या मुलाची हवा तिला कळतच नाही.

तिसरी गोष्ट क्षणाची. न हलविलेली माती आणि फावड्याने उपसलेली माती यांत महदंतर आहे. कोडाईकनालसाठी जी शुद्धीकरणाची योजना पुढे आली, तिच्यात माती धुणे व तापवून तिच्यातील पारा बाहेर काढणे या दोन प्रक्रिया होत्या. म्हणजे शुद्धीकरणाचे काम हेच वाफ निर्माण करण्याचे काम होय. अशा ठिकाणी खणण्यापूर्वीच्या शांत दिवसाचे नमुने दाखवून ‘परिसर सुरक्षित आहे’ असे सांगणे म्हणजे चूल पेटण्यापूर्वी स्वयंपाकघरातील धूर मोजण्यासारखे आहे.

चौथी गोष्ट सरासरीची. दुपारी दोन तास उसळलेली वाफ चोवीस तासांच्या सरासरीत पातळ होते आणि महिन्याच्या सरासरीत नाहीशी होते. कामगाराने श्वास मात्र त्या दोन तासांतच घेतलेला असतो.

पाचवी गोष्ट सर्वांत फसवी. अहवालांत ‘आढळले नाही’ असे दोन शब्द असतात. वाचणारा समजतो की पारा नाही. वस्तुतः त्याचा अर्थ इतकाच की त्या पद्धतीने ओळखता येईल इतका पारा नळीत साठला नव्हता. समजा, एखादी प्रयोगशाळा नळीतील ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी पारा ओळखू शकत नाही, आणि पंपाने केवळ १० लिटर हवा ओढली. मग घनमीटरास १० मायक्रोग्रॅमपर्यंतचा पारा, म्हणजे उपरोक्त मार्गदर्शक मूल्याच्या दसपट, त्या अहवालात ‘आढळले नाही’ या सदरात जाईल. यात कोणी लाच खाल्ली नाही, कोणी आकडा खोडला नाही. केवळ पंप लवकर बंद केला.

मर्यादांचा खेळही याच जातीचा आहे. १९८७ साली दुरुस्त झालेल्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टाने कारखान्यातील पाऱ्याच्या वाफेसाठी घनमीटरास ५० मायक्रोग्रॅम ही आठ तासांची मर्यादा घालून दिली होती. ती धडधाकट प्रौढ कामगारासाठी, पाळीपुरती आखलेली. ती कुंपणावर आणून लावली की कुंपणापलीकडे चोवीस तास राहणाऱ्या गर्भवतीला व तान्ह्या बाळालाही कारखान्याचा नोकर मानल्यासारखे होते. कोणत्या माणसाच्या श्वासासाठी कोणती मर्यादा, हा निर्णय प्रयोगशाळेत होत नाही. तो राज्यकर्ते घेतात.

वीस की एक?

कोडाईकनालच्या मातीसाठी किलोमागे २० मिलिग्रॅम पारा हे लक्ष्य नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, म्हणजे नीरीच्या, अभ्यासावर आधारलेले आहे. यावर वर्षानुवर्षे वाद चालला. ज्या लंडनमध्ये युनिलिव्हर समूहाचे मुख्य कार्यालय आहे, त्या ब्रिटनच्या पर्यावरण अभिकरणाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक मूल्यांत निवासी जमिनीतील धातुरूप पाऱ्यासाठी १ मिलिग्रॅम हा आकडा आहे. साहजिकच कार्यकर्त्यांनी विचारले की इंग्रज मुलासाठी एक आणि तमिळ मुलासाठी वीस, हे कोणते शास्त्र?

प्रश्न रास्त आहे. पण आपण प्रामाणिकपणे पुढचा भागही सांगितला पाहिजे. त्याच ब्रिटिश यादीत पाऱ्याच्या असेंद्रिय संयुगांसाठी १७० मिलिग्रॅम हा आकडा आहे. एकाच मूलद्रव्याच्या दोन रूपांत एवढी तफावत का? कारण धातुरूप पारा उडतो, घराच्या जमिनीतून आत शिरतो आणि बंद खोलीत साठतो. संयुगे तशी उडत नाहीत. तेव्हा कंपनीचा वकील सहज म्हणू शकतो की आमच्या जमिनीतील पारा आता संयुगांच्या रूपात बांधला गेला आहे, वीस ही मर्यादा तर उलट कडकच आहे. त्याला उत्तर घोषणेने देता येणार नाही. माती किती पारा बाळगते हे सांगून भागत नाही. ती किती पारा सोडते, हे मोजून दाखवावे लागते. अर्थात सर्व वादाचा निवाडा वाफेच्या नमुन्यापाशी येऊन ठेपतो, आणि तोच नमुना वर दाखविल्याप्रमाणे सर्वांत सहज वाकविता येतो.

नीरीचे शास्त्रज्ञ विकले गेले, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. आमचा आक्षेप व्यवस्थेवर आहे. ‘प्रदूषकाने खर्च सोसावा’ हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बिच्छडी आणि वेल्लोर या प्रकरणांत उचलून धरले. ते न्याय्यच आहे. परंतु व्यवहारात त्याचे रूपांतर ‘प्रदूषकाने सल्लागार नेमावा, प्रदूषकाने नमुना घ्यावा, प्रदूषकाने अहवाल द्यावा’ असे होऊन बसते. सरकारी मंडळ त्यावर शिक्का मारते. चोरीचा तपास चोराच्या खर्चाने व्हावा, हे ठीक. पण पंचनामाही त्यानेच लिहावा काय?

‘हे तज्ज्ञांचे काम आहे’

येथे आपल्यातीलच काही मित्र दोन आक्षेप घेतात. पहिला असा की हे सारे तज्ज्ञांचे काम आहे. कार्यकर्त्याने लोक जमवावेत, मोजमाप शास्त्रज्ञांनी करावे. दुसरा असा की बेकारीने गांजलेल्या लोकांपुढे मातीच्या वाफेची चर्चा करणे ही सुखवस्तूंची चैन आहे.

पहिल्या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात एका जुन्या कालव्यात रसायनांचा हजारो टन कचरा पुरला व १९५३ साली ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला देऊन टाकली. तेथे शाळा झाली, शेजारी घरे झाली. तेच लव्ह कॅनॉल. १९७८ साली राज्याच्या आरोग्य खात्याने तेथील घरांच्या तळघरांतील हवेचे नमुने तपासले, तेव्हा विषारी वाफा माणसांच्या घरात शिरल्याचे उघड झाले. तरीही कुठल्या घरापर्यंत धोका मानावयाचा, याची रेघ अधिकाऱ्यांनी कार्यालयात बसून ओढली. ती रेघ पुढे सरकली ती लॉइस गिब्ज या गृहिणीने व तिच्या शेजारणींनी दारोदार हिंडून आजारांची नोंद केली, बेव्हर्ली पेगन या शास्त्रज्ञ स्त्रीच्या साह्याने ती नकाशावर मांडली आणि बुजलेल्या जुन्या ओहोळांच्या वाटेने आजार पसरल्याचे दाखवून दिले म्हणून. १९८० च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रदूषित भूखंडांचा जो कायदा झाला, त्यामागे या स्त्रियांच्या वह्या होत्या.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. तमिळनाडूतच कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीलगतच्या ग्रामस्थांनी २००४ च्या सुमारास वासांची रोजनिशी ठेवली आणि बादलीत बसविलेल्या खास पिशवीत स्वतः हवेचे नमुने भरले. ते प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा ‘वास म्हणजे तुमचा भास’ असे सांगण्याची सोय अधिकाऱ्यांना उरली नाही. कोडाईकनालमध्येही अणुऊर्जा खात्याच्या हैदराबाद येथील शास्त्रज्ञांनी झाडांच्या सालीवरील दगडफूल व शेवाळ तपासले, तलावातील पाणी, गाळ व मासे तपासले, आणि पारा हवेवाटे बाहेर पसरल्याचा पुरावा त्यांत मिळाला. वर्षानुवर्षे तीच हवा पिणारे ते दगडफूल म्हणजे कोणी न लावलेली, आणि म्हणूनच कोणाला वेळ निवडून बंद करता न आलेली, नमुन्याची नळी होती. तज्ज्ञ हवेतच. पण तज्ज्ञांना प्रश्न कोण विचारतो, हे महत्त्वाचे आहे.

दुसऱ्या आक्षेपाविषयी एवढेच की ही वाफ सर्वांत आधी कोणाच्या छातीत जाते ते पाहावे. शुद्धीकरणाच्या जागी माती उपसणारा मजूर कंत्राटदाराचा असतो. त्याचे नाव कायम हजेरीपटावर नसते, काम संपले की तो दुसऱ्या गावी जातो, आणि पाच वर्षांनी त्याचा हात कापू लागला तर तो कोणत्या मातीमुळे हे सिद्ध करणारा एकही कागद त्याच्यापाशी नसतो. विषारी जमिनीलगत राहतो तोही गरीबच, कारण तेथेच त्याला जागा परवडते. हा प्रश्न चैनीचा असेल तर क्षयाचा प्रश्नही चैनीचा म्हणावा लागेल.

मात्र आत्मपरीक्षणही केले पाहिजे. कारखान्याच्या फाटकावर मोर्चा नेण्यात आपण कधी कमी पडलो नाही; कारखाना बंद झाल्यानंतर मागे राहणाऱ्या जमिनीकडे मात्र आपण पाठ फिरविली. कामगारांची देणी मिळाली की लढा संपला असे मानले. मुंबईत, ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात बंद कारखान्यांच्या जमिनींवर घरांचे मनोरे उभे राहिले व आजही राहत आहेत. त्यांच्या पोटात वाहनतळांची तळघरे आहेत. पाया खणण्यापूर्वी त्या मातीतील हवा कोणी मोजली काय, मोजली असल्यास ते आकडे कोठे आहेत? ती प्रत्येक जमीन विषारी आहे, असा आरोप आम्ही करीत नाही. परंतु हा प्रश्न आपण विचारला नाही, हा आरोप आम्ही स्वतःवर करतो.

काय मागावयाचे

नव्या नियमांत जिल्हा प्रशासनाने संशयित भूखंडांची सहामाही माहिती द्यावी, ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व त्यानंतर तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण व्हावे, अशी मुदत घातली आहे. परंतु शुद्धीकरण अमुक काळात पुरे झालेच पाहिजे, अशी मुदत त्यांत नाही. भोपाळचे उदाहरण ताजे आहे. युनियन कार्बाइडच्या आवारातील ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पोलीस बंदोबस्तात पिथमपूरला हलविला गेला व काही महिन्यांत जाळला गेला. त्या चाळीस वर्षांच्या कामाचा गाजावाजा झाला. पण आवाराच्या आतील व बाहेरील नासलेली माती आणि तिच्याखालचे पाणी ट्रकांत बसून कोठे गेलेले नाही.

म्हणून नियमांच्या अंमलबजावणीत पुढील मागण्यांचा आग्रह धरला पाहिजे. तपासणीचा पैसा प्रदूषकाकडून घ्यावा, पण तो सरकारी निधीत जमा व्हावा व प्रयोगशाळेची निवड त्याच्या हाती नसावी. नमुन्यांच्या जागा, ऋतू व प्रहर ग्रामसभेत वा प्रभागाच्या सभेत लोकांच्या भाषेत मांडून ठरवावेत; कडक उन्हाळ्यातील दुपार व खोदकामाचे दिवस त्यांत असलेच पाहिजेत. शुद्धीकरण चालू असताना वाफेचा रोजचा आकडा फाटकावरील फळ्यावर लिहावा, आणि किती आकड्याला काम थांबवावयाचे ते आधीच जाहीर करावे. कंत्राटी मजुरांच्या अंगावर नळी लावून मिळालेला निष्कर्ष त्या मजुराच्या हाती लेखी द्यावा. ‘आढळले नाही’ या शब्दांपुढे किती प्रमाणापर्यंत ओळखता आले असते, तो आकडा सक्तीने छापावा.

आणि सर्वांत महत्त्वाची मागणी जोडनमुन्याची. मातीचा नमुना नंतरही दोन भागांत वाटता येतो; अर्धा सरकारने घ्यावा, अर्धा लोकांनी ठेवावा. हवेचे तसे नाही. तो क्षण गेला की गेला, तो नंतर कोणालाही वाटून मिळत नाही. म्हणून सरकारी नळीच्या शेजारी, त्याच वेळी, लोकांनी निवडलेल्या प्रयोगशाळेची दुसरी नळी लावण्याचा हक्क मिळाला पाहिजे. हा हक्क नसेल तर बाकीचे सारे हक्क कागदावर राहतील.

हक्क मिळेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यात बंद पडलेले रासायनिक कारखाने कोठे होते, त्यांत काय बनत असे, कचरा कोठे टाकला जाई, हे जुन्या कामगारांना तोंडपाठ आहे. ते वृद्ध होत आहेत. त्यांच्याकडून ही माहिती आजच लिहून घ्यावी व जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सादर करावी, म्हणजे ‘संशयित भूखंड आढळला नाही’ असा सहामाही कागद त्यांना सुखाने पाठविता येणार नाही. माहितीच्या अधिकारात जुने अहवाल मागवून त्यांतील तारीख, वेळ, तापमान व हवेचे आकारमान या चार गोष्टी प्रथम वाचाव्यात. आणि ज्या दिवशी मंडळाची गाडी फाटकाशी येऊन थांबेल, त्या दिवशी आपला एक कार्यकर्ता वही व घड्याळ घेऊन तेथे उभा असावा. पंप किती वाजता सुरू झाला, वारा कोणत्या दिशेचा होता, पाऊस आदल्या दिवशी पडला होता काय, नळी कोणत्या उंचीवर होती आणि पंप किती वाजता बंद केला, एवढे त्याने लिहून ठेवावे व त्याखाली हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्यात. या कामाला पदवी लागत नाही. उद्या ‘आढळले नाही’ असा अहवाल आला, तर त्याला उत्तर देण्यासाठी हे पान आपल्यापाशी असेल.